ट्रकची ओढ : आधी मोजा, मग एअर क्लीनर उघडा

टाटाच्या १६१३ या नावातच गाडीची अर्धी कुंडली आहे. पहिले दोन आकडे मालासकट एकूण वजनाचे, म्हणजे सुमारे १६ टन; पुढचे दोन ताकदीचे, म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. २५१८ म्हणजे २५ टन आणि १८० अश्वशक्ती. हा ताकदीचा आकडा मात्र टेस्ट बेंचवरचा असतो. तिथे इंजिन गाडीत बसवलेलं नसतं, ताकद फ्लायव्हीलवर मोजली जाते आणि निकाल २५ अंश सेल्सिअसच्या हवेला धरून दुरुस्त केलेला असतो. मे महिन्यात रावेरहून केळी भरून निघालेल्या ट्रकला ती हवा मिळत नाही. शिवाय गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल मिळून साधारण १० ते १५ टक्के ताकद वाटेतच खातात. त्यामुळे १३० ची गाडी चाकावर ११० ते ११५ देत असेल तर ती ठणठणीत समजावी. ९० च्या आसपास असेल तर शोध घ्यायला हवा.

हे कळणार कसं? चासी डायनॅमोमीटरवर गाडी चढवली की आकडा छापूनच मिळतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांकडे ही यंत्रं आहेत, पण एका गाडीच्या मालकाने त्यासाठी खेटे घालावेत असं ते काम नाही. वजनकाट्याची पावती, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, एवढ्या सामानात आपलं भागतं. या लेखात डोळ्यांसमोर आहे तो टर्बो आणि इंटरकूलर असलेला, दोन अ‍ॅक्सलचा, जुन्या धाटणीचा डिझेल ट्रक. बीएस-६ गाड्यांसाठी वेगळं जिथे आहे तिथे तसं सांगतो.

अपेक्षा किती ठेवायची?

इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी बाजू, सुधारून १३० चे १५० होत नाहीत. गेलेली ताकद परत मिळते, आणि धुळीत चालणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तीच मोठी कमाई असते.

यामागचं कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनात ताकद हवेवर ठरते. थ्रॉटल उघडला की जेवढी हवा आत जाते, तिच्या हिशेबात पेट्रोल मिसळलं जातं, म्हणून हवा वाढली की ताकद वाढते. अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवर थंड हवेची किट बसवून काही अश्वशक्ती वाढल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. ते इंजिन बहुतेक वेळा पेट्रोलचं असतं, हे त्यातून आपल्या लक्षात येत नाही. 

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती किती डिझेल आत सोडलं त्यावर. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात अठरा-वीस किलोच्या खाली आलं की काळा धूर सुरू होतो. आपल्या मध्यम ताकदीच्या टर्बो ट्रकला पूर्ण फेऱ्यांवर पंचवीस-तीस किलो हवा मिळत असते, म्हणजे हवा आधीच शिल्लक असते. शिल्लक असलेलं आणखी वाढवून ताकद कुठून येणार? तुटवडा पडतो तो दोन ठिकाणी. एक, कमी फेऱ्यांवर पूर्ण लोड ओढताना, जेव्हा टर्बो अजून जोरात आलेला नसतो. दोन, इनटेकमध्ये कुठेतरी अडथळा किंवा गळती असते तेव्हा. पहिला प्रकार रचनेचाच आहे, दुसरा आपल्या हातात आहे.

पेट्रोल गाड्यांबद्दलही एक निष्कर्ष जाता जाता सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेल्या एअर फिल्टरची चाचणी घेतली. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज जवळपास तसंच राहिलं, पण वेग घेण्याची क्षमता ६ ते ११ टक्क्यांनी घटली. म्हणजे खराब फिल्टरचा परिणाम पेट्रोल पंपाच्या बिलात शोधला तर सापडत नाही, चढावर सापडतो. म्हणून मोजणीही चढावरच करायची.

चढावर अश्वशक्ती

मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्या आपल्या कामाला अगदी सोयीची आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद म्हणजे एक अश्वशक्ती. ट्रक चढ चढतो तेव्हा तो हेच करत असतो. त्यामुळे हिशेब असा:

चढाची अश्वशक्ती = गाडीचं वजन (किलो) × चढलेली उंची (मीटर) ÷ (लागलेले सेकंद × ७५)

वजन काट्यावर करून घ्या, बिल्टीवरचं धरू नका. चढ असा निवडा की दीड-दोन किलोमीटर तो सलग आहे, वळणं सौम्य आहेत, गर्दी कमी आहे आणि सुरुवातीला व शेवटी गाडी रस्त्याच्या बाहेर उभी करायला जागा आहे. कसारा, खंबाटकी, बोरघाट ही नावं लगेच सुचतात, पण तिथल्या वळणांत आणि वाहतुकीत हा प्रयोग करू नये. आपल्या नेहमीच्या मार्गावरचा एखादा बिननावाचा लांब चढ त्यापेक्षा बरा.

उंचीसाठी मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, तो उंचीत सहज दहा-वीस मीटर चुकतो. हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेला फोन मिळाला तर चढाच्या दोन टोकांना दाब वाचा. आपल्या पठारी भागात दर एक मिलिबार फरकाला साधारण नऊ-साडेनऊ मीटर उंची धरता येते. दोन्ही वाचनं लागोपाठ घ्या, कारण दुपार ढळली की हवेचा दाब आपोआपही बदलतो. उंचीत पाच टक्के चूक राहिली तरी घाबरायचं कारण नाही. ती का चालते ते पुढे येईल.

आता एक उदाहरण करू. गाडी १६,००० किलो. चढ १०० मीटर उंचीचा, लांबी सुमारे १,६७० मीटर, म्हणजे सहा टक्क्यांचा. लागलेला वेळ २४० सेकंद, म्हणजे वेग ताशी साधारण २५ किलोमीटर.

१६,००० × १०० ÷ (२४० × ७५) = ८९ अश्वशक्ती. ही नुसती वजन वर चढवण्याची.

टायर घरंगळतानाही ताकद जाते. रेडियल टायरला डांबरी रस्त्यावर वजनाच्या ०.९ टक्के रोध धरला तर १४४ किलो. तो सेकंदाला ६.९ मीटर वेगाने ओढायचा म्हणजे १४४ × ६.९ ÷ ७५, सुमारे १३ अश्वशक्ती. या वेगाला वाऱ्याचा रोध जेमतेम दीड-दोन. एकूण चाकावर १०४. वाटेतला १३ टक्के तोटा धरून इंजिनाकडे सुमारे १२०. उन्हाळ्यातल्या १३० च्या गाडीला हे चांगलंच म्हणायचं.

चाचणीची शिस्त मात्र पाळावी लागते. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, टायरची हवा नेहमीची हवी, एसी असेल तर बंद. चढाच्या आधीच गिअर ठरवून घ्या आणि संपेपर्यंत बदलू नका. गिअर असा हवा की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही इंजिन गव्हर्नरच्या मर्यादेला पोहोचत नाही, मधल्या फेऱ्यांवर ओढत राहतं. गाडी गव्हर्नरला टेकली की वेळ गव्हर्नर ठरवतो, आणि पुढे कितीही सुधारणा केली तरी घड्याळात काही दिसत नाही. सुरुवातीच्या खुणेपाशी गाडीचा वेग स्थिर झालेला असावा. वेगात ताशी दोन-तीन किलोमीटरचा फरक चालतो, एवढ्या वजनाला त्याने अर्ध्या अश्वशक्तीचाच फरक पडतो. घड्याळ सोबत्याच्या हातात द्यावं. चालकाचे डोळे रस्त्यावरच. तीन फेऱ्या करा, सरासरी घ्या, सोबत हवेचं तापमान लिहा.

आता उंचीतल्या चुकीचं. तीच गाडी, तेवढंच वजन, तोच चढ आणि तोच गिअर असेल तर ताकद वेळेच्या उलट्या प्रमाणात बदलते. २४० सेकंदांचे २२५ झाले की ताकद सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढली. उंची शंभर होती की पंचाण्णव, याने या टक्क्यांत काही फरक पडत नाही. म्हणून खरा आकडा काढायची हौस एकदा भागवून घ्या आणि पुढे फक्त सेकंदांची तुलना करा. तापमान तीन-चार अंशांपेक्षा जास्त बदललं असेल तर त्या दोन दिवसांची तुलना करू नका. दोन-तीन टक्क्यांहून कमी फरक दिसला तर तो वाऱ्याचा आणि घड्याळाच्या बटणाचा समजा.

नळीतलं पाणी काय सांगतं

दुसरं मोजमाप अडथळ्याचं, आणि माझ्या मते सगळ्या लेखातलं हेच सर्वांत उपयोगी आहे. इंजिन हवा ओढतं तेव्हा फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी होतो. हा फरक मिलिमीटर पाण्यात मोजतात. एक मीटर लांबीची फळी घ्या, तिच्यावर पारदर्शक लेव्हल नळी इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, मध्ये मोजपट्टी चिकटवा आणि दोन्ही बाजू निम्म्यापर्यंत रंगीत पाण्याने भरा. एक टोक मोकळं ठेवा. दुसरं टोक एअर क्लीनरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर, जिथे लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर बसवलेला असतो, तो काढून तिथल्या भोकात जोडा. नळी केबिनमध्ये आणा, फळी उभी आणि घट्ट बांधा.

इंजिन चालू करून जागेवर रेस केलं तर पाणी थोडंसं हलतं आणि फिल्टर चांगला आहे असा भास होतो. ते वाचन निरुपयोगी. टर्बो इंजिन पूर्ण हवा ओढतं ते लोडवरच, म्हणून वाचन भरल्या गाडीत, चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला घ्यायचं. सोबत्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला की नंतर निवांत पाहता येतं. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमधलं अंतर मोजायचं. एका बाजूला पाणी किती चढलं तेवढंच पाहिलं तर उत्तर निम्मं येतं.

टर्बो डिझेलला वापरलेल्या फिल्टरसाठी सर्वसाधारण मर्यादा २५ इंच पाणी, म्हणजे ६३५ मिलिमीटर, आणि नव्या फिल्टरसह १५ इंच, म्हणजे ३८० मिलिमीटर. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. हवेचा एकूण दाब सुमारे दहा मीटर पाण्याएवढा असतो, म्हणून दर १०० मिलिमीटरला एक टक्का दाब गमावला असा साधा हिशेब लक्षात ठेवावा. ६३५ वर सहा टक्के. ताकद लगेच सहा टक्क्यांनी पडते असं नाही, कारण डिझेल तेवढंच पडत राहतं. पण टर्बोला जास्त पळावं लागतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं, धूर वाढतो. इलेक्ट्रॉनिक गाडीत हवा कमी दिसली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच डिझेल कापतो, आणि चालक म्हणतो, गाडी दाबूनही पळत नाही.

समजा नवा फिल्टर टाकूनही वाचन साडेचारशेच्या वर आहे. मग दोषी फिल्टर नाही. नळी जोडायची जागा बदला. एकदा फिल्टरच्या आधी, केबिनमागच्या उभ्या पाइपाच्या शेवटी. एकदा फिल्टरच्या लगेच पुढे. एकदा टर्बोच्या तोंडाजवळ. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो, अडथळा तिथे. उभ्या पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी, आतून सुटून लोंबणारा रबरी होजचा थर, वळणावर चपटा झालेला पाइप, असं काहीतरी निघतं. मऊ पडलेला होज उभ्या गाडीत छान गोल दिसतो आणि लोडवर आत दबतो. त्यासाठीच ही नळी.

फिल्टर : काय करावं, काय नाही

मोजणी झाली की पहिला हात फिल्टरला. बहुतेक ट्रकांत दोन एलिमेंट असतात, बाहेरचं मोठं आणि आतलं लहान. आतलं सुरक्षेसाठी आहे. बाहेरचं फाटलं किंवा नीट बसलं नाही तर इंजिन वाचवायला ते असतं. त्याला हवा मारून पुन्हा बसवू नये, खराब झालं की बदलावं.

बाहेरच्या एलिमेंटला हवा मारायची आपल्याकडे भारी हौस. पंक्चरच्या दुकानातला सात-आठ बारचा झोत जवळून मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. मारायचीच तर दोन बारपेक्षा कमी दाबाने, आतून बाहेर, नोजल लांब धरून. जमिनीवर आपटून धूळ झाडणं तर बंदच करा. त्याने कडेचं सील वाकतं आणि धूळ कागदाला वळसा घालून आत जाते. साफ केल्यावर अंधारात आत बल्ब धरून पाहा, कुठून ठिपक्यासारखा उजेड आला तर एलिमेंट फेकून द्या. आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: थोडा वापरलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ चांगली अडवतो, कारण साचलेला थरही गाळणीचं काम करतो. म्हणून तारखा बघून दर आठवड्याला फिल्टर उघडण्यापेक्षा पाण्याच्या नळीवर किंवा इंडिकेटरवर विश्वास ठेवा. इंडिकेटर चालतो का हे तोंडाने नळीतून ओढून तपासता येतं. ओढल्यावर लाल पट्टी आली पाहिजे.

फिल्टरच्या डब्याखाली एक रबरी चोच असते. जड धूळ तिथे जमते आणि चोच दाबली की खाली पडते. ती कडक झाली, फाटली किंवा कोणी तारेने बांधून टाकली की सगळी धूळ एलिमेंटवर जाते. परळीच्या राखेच्या गाड्या आणि क्रशरवरचे टिपर यांनी ही चोच रोज दाबावी. अशा कामाला उभ्या पाइपावर धूळ फिरवून बाहेर फेकणारा प्री-क्लीनर बसवणं फायद्याचं आहे. त्याने अडथळा किंचित वाढतो, पण एलिमेंट कितीतरी जास्त दिवस मोकळं राहतं. ताकदीच्या हव्यासाने लोक तो काढून टाकतात, तो खोटा सौदा आहे.

तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरायचे फिल्टर इंटरनेटवर ताकद वाढवणारे म्हणून विकले जातात. ते मोकळे असतात हे खरं, पण बारीक धूळही जास्त सोडतात. वाळूचा कण पिस्टन रिंग आणि लायनर यांच्यामध्ये गेला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. एखाद्या टक्क्यासाठी इंजिनाचं आयुष्य कमी करावं असं मला वाटत नाही. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत त्या तेलाचा थर सेन्सरवर बसून नवीनच दुखणं सुरू होतं.

थंड हवा

हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. बाहेर ४० अंश असताना इंजिनाजवळची ६० अंशांची हवा ओढली तर सहा टक्के हवा कमी. म्हणून कारखान्याने हवेचं तोंड केबिनच्या मागे उंचावर दिलेलं असतं. बॉडी बांधताना किंवा अपघातानंतरच्या कामात हा पाइप तोडून फिल्टरचं तोंड खालीच मोकळं सोडलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात. तो पाइप पुन्हा बसवणं ही या लेखातली सर्वांत सोपी आणि शुद्ध सुधारणा. तारेचा सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर फिल्टरच्या तोंडाशी बांधा आणि चालत्या गाडीत बाहेरच्या हवेशी तुलना करा. पाच-सहा अंशांपर्यंत फरक ठीक. पंधरा-वीस असेल तर सायलेन्सर किंवा रेडिएटरची गरम हवा आत येते आहे. पाइप हलवा, जुळणीच्या जागी रबर सील टाका, गरज पडली तर पत्र्याचा आडोसा करा.

तोंड हलवताना पावसाळा विसरू नका. पुराच्या पाण्यातून जाताना किंवा समोरच्या गाडीच्या फवाऱ्यात पाणी आत गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या खर्चापुढे मिळालेली ताकद काहीच नाही.

टर्बोच्या पुढे

इथपर्यंत ओढण्याची बाजू झाली. टर्बोनंतर दाबाची बाजू सुरू होते, आणि इथे दोष असला तर परिणाम मोठा असतो. इंटरकूलरच्या होजला चीर गेली की दाबलेली हवा बाहेर पडते, डिझेल मात्र पूर्ण पडतं. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी घातलीच नाही तर जे होतं तेच: धूर, आणि आच नाही. लोडवर शिट्टीसारखा आवाज आणि सोबत काळा धूर असेल तर आधी इथेच पाहा.

तपासणी अशी. थंड इंजिनावर इंटरकूलरचे दोन्ही होज काढा, दोन्ही तोंडांना बुचं बसवा, एका बुचात रेग्युलेटर आणि गेज लावून दोन बारपर्यंत हवा भरा आणि पुरवठा बंद करा. पंधरा सेकंदांत दाब अर्ध्या बारपेक्षा जास्त उतरला तर इंटरकूलर गळतो आहे. कमिन्सच्या इंजिनांसाठीची मर्यादाही अशीच, ३० पीएसआयवरून पंधरा सेकंदांत सात पीएसआय. बुचं साखळीने बांधून ठेवा आणि त्यांच्या समोर उभं राहू नका; सुटलेलं बूच दगडासारखं लागतं. होज आणि जुळण्यांसाठी कमी दाबावर साबणाचं पाणी पुरेसं आहे. होज बदलताना साध्या पट्टीच्या क्लिपऐवजी बोल्टचा जाड क्लॅम्प घ्या.

इंटरकूलरचं महत्त्व आकड्यांत पाहा. ३५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली की ती सुमारे १३० अंशांवर पोहोचते. इंटरकूलरने ती ६० वर आणली तर तेवढ्याच जागेत वीस टक्के जास्त हवा मावते. पण त्याच्या फटी उसाच्या पाचटाने, सरकीच्या कापसाने, किड्यांनी आणि चिखलाने भरल्या की हा फायदा विरतो. हंगाम संपला की रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्यामधली जागा उघडून कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर धुवा. जोराचा झोत मारला तर फिन दुमडतात. आतून ओलं तेल निघालं तर टर्बोचं सील पाहून घ्या.

जुन्या मायको डिझेल पंपाच्या टर्बो गाड्यांत आणखी एक बारीक नळी असते. मॅनिफोल्डमधला दाब ती पंपावरच्या डायफ्रामपर्यंत नेते, आणि दाब वाढला की पंप जास्त डिझेल सोडतो. ती तडकली किंवा तिच्या बॅन्जो बोल्टचं भोक काजळीने बुजलं तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, असूनही डिझेल वाढत नाही. गाडी धूर मारत नाही, गरम होत नाही, फक्त ओढत नाही. अशा गाडीवर फिल्टर, टर्बो, इंजेक्टर सगळं बदलून बघतात आणि दोष निघतो हातभर नळीत. ती काढा, फुंकून पाहा, शंका आली तर बदला.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर वेळ घ्या. सगळं एकदम बदललं तर पैसे कशाचे कारणी लागले हे कधीच कळणार नाही. वहीत तारीख, किलोमीटर, तापमान, पाण्याचं वाचन आणि सेकंद लिहून ठेवले की सहा महिन्यांनी तीच वही गाडीची प्रकृती सांगते.

जिथे हात लावू नये

टर्बोचा वेस्टगेट आवळून बूस्ट वाढवणं, पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणं, बीएस-६ गाडीत ईजीआर किंवा युरियाची यंत्रणा बंद करणं, ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं, यातलं काहीही साध्या इनटेक सुधारणेत येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कारखान्याच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही हेच आधी पाहतो. वर जे सांगितलं ते सगळं गाडीला तिच्या मूळ अवस्थेत आणण्याचं काम आहे, त्याला कोणाची हरकत नसते.

पाण्याची नळी ३०० दाखवते आहे, गळती नाही, इंटरकूलर धुतलेला आहे, हवा थंड आहे आणि तरी चढावरचा वेळ हललेला नाही, असंही होतं. मग इनटेकवर आणखी एक रुपयाही घालू नका. सपाट रस्त्यावर काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून चारही ड्रमजवळ हात धरून, न टेकवता, तपासा. एखादा तापलेला असेल तर ब्रेक चिकटतो आहे. चढावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. त्यानंतर डिझेल फिल्टर, टॅपेट, इंजेक्टर आणि सायलेन्सर, या क्रमाने जा. पंप उघडायचा तो सगळ्यांत शेवटी, आणि तोही कंपनीच्या मापावर कॅलिब्रेट करून देणाऱ्याकडेच.